मेहनत वेगळी, गुण वेगळे : खेड्यातल्या शाळेत प्रयत्नांची नोंद आणि टीव्ही-टॅबचा वापर

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वर्गातल्या मागच्या रांगा विरळ होतात. वावरात कापूस फुटलेला असतो. अशाच एका नोव्हेंबरात सातवीच्या एका मुलीची स्वाध्यायाची वही मी तपासली. तीन पानं अर्धवट, चौथं कोरं. मी १० पैकी ३ लिहिले. त्याच दिवशी एका मुलाने जलप्रदूषणावरचा प्रकल्प आणून दिला. रंगीत चित्रं, स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिकचं कव्हर. त्याला ९ दिले.

दोन आठवड्यांनी दशांश अपूर्णांकांचा गुणाकार घेत होतो. मी सहज विचारलं, साडेतेवीस किलो कापूस वेचला आणि आठ रुपये किलोने मजुरी मिळाली तर किती? फळ्यावर मांडणी पूर्ण व्हायच्या आत ती मुलगी म्हणाली, "एकशे अठ्ठ्याऐंशी, सर." कसं काढलं ते विचारल्यावर तिने तेवीस आणि अर्धा वेगळे करून सांगितलं. प्रकल्पवाल्या मुलाला मी त्याच्याच पानावरचा 'जैवविघटनशील' हा शब्द विचारला. तो खाली बघत राहिला. प्रकल्प तालुक्याच्या दुकानातून छापून आणलेला होता.

माझे दोन्ही आकडे चुकले होते. मुलीच्या तीनमध्ये मी तिच्या घरची संध्याकाळ मोजली होती आणि मुलाच्या नऊमध्ये झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर. त्यानंतर आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी मिळून एक रीत बसवली. दरवर्षी तिच्यात थोडी दुरुस्ती होते. पहिली ते आठवीच्या कोणत्याही शाळेला, अगदी द्विशिक्षकी शाळेलाही जमेल अशी ती आहे. तीच इथे पायरीपायरीने मांडतो.

पायरी १ : आधी दोन रकाने आखा

गुणाचा आकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : या लेकराला आज हे येतं का? ते शिकताना त्याने काय केलं, हा दुसरा प्रश्न. त्याला दुसरा रकाना लागतो. दोन्ही उत्तरं एका आकड्यात कोंबली की त्या आकड्यातून कोणालाच काही कळत नाही.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) मूल्यमापन यांचा भार त्यात वर्गानुसार ठरवला : पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. म्हणजे लहान वर्गांत निकालाचा मोठा भाग शिक्षकाच्या रोजच्या नजरेवर अवलंबून आहे. आकारिकची साधनंही दिलेली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि स्वयंमूल्यमापनासारखी इतर तंत्रं. या यादीत 'प्रयत्न' असं साधन नाही. तरी तो मागच्या दाराने गुणांत शिरतोच. मुलगा शांत आणि गुणी आहे म्हणून उपक्रमाला एक गुण वाढतो, वही मळकी आहे म्हणून एक कमी होतो. आपल्यालाही ते कळत नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त नुकसान करते. वाचता न येणाऱ्या पण रोज येणाऱ्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या लेकराला आपण मायेपोटी ब-२ देतो. पुढच्या वर्षीच्या बाई ती श्रेणी पाहतात आणि त्याला वाचता येतं असं धरून चालतात. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि त्यातही अडल्यास त्याच वर्गात थांबणं हे परत आलं आहे. चौथीपर्यंत सुखरूप आलेलं लेकरू पाचवीत अडतं आणि बाप शाळेत येऊन विचारतो, "गुरुजी, इतके दिवस तं पास होता, आता काहून नापास झाला?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं. ते लेकरू चार वर्षं आपल्या दयेच्या गुणांवर पुढे सरकत होतं.

म्हणून आजच करायचं काम इतकंच : नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने आखा. पहिल्यावर लिहा 'काय येतं', दुसऱ्यावर 'कसं काम केलं'. गुण आणि श्रेणी फक्त पहिल्या रकान्यावरून द्या. दुसऱ्यात आकडा कधीच येणार नाही, तिथे वाक्य येईल.

पायरी २ : 'मेहनत' म्हणजे काय ते डोळ्यांना दिसेल असं लिहा

शिक्षकांची बैठक घेऊन विचारा, मेहनती मूल कोणतं? पहिल्या पाच मिनिटांत येणारी उत्तरं आम्ही एकदा फळ्यावर लिहून काढली : वेळेवर येतं, गणवेश स्वच्छ, अक्षर सुंदर, गृहपाठ पूर्ण, वर्गात शांत, हात वर करतं. मग प्रत्येकापुढे लिहिलं, हे नक्की कोणाच्या हातात आहे? वेळेवर येणं नदीच्या पुरावर आणि बकऱ्या चारायला कोण जाणार यावर. स्वच्छ गणवेश आईवर आणि गावातल्या पाण्यावर. पूर्ण गृहपाठ घरच्या दिव्यावर. हात वर करणं भाषेवर. आमच्याकडे कोलामी बोलणारी मुलं आहेत, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया. घरी वेगळी भाषा बोलणारं लेकरू मराठी वर्गात दोन वर्षं गप्प बसू शकतं आणि त्या काळात शेजारच्या मुलापेक्षा दुप्पट राबत असू शकतं.

सगळं खोडून झाल्यावर आमच्या हाती चार गोष्टी उरल्या. चूक कळल्यावर त्याने ती पुन्हा करून पाहिली का? अडलं तेव्हा मदत मागितली का, मग ती शिक्षकाकडे असो, मित्राकडे असो की पुस्तकात? एक रीत चालली नाही तेव्हा दुसरी लावली का? गटात स्वतःच्या वाट्याचं काम स्वतः केलं का? चारही गोष्टी वर्गात, आपल्यासमोर घडतात. त्यांना पैसा लागत नाही. आणि चारही शिकवता येतात, ही त्यातली मोठी गोष्ट. 'मेहनत कर' असं सांगून कोणी मेहनत करत नाही. 'या गणिताचं उत्तर चुकलं आहे, कुठल्या ओळीत चुकलं ते शोधून खूण कर' असं सांगितलं तर करतं.

तुमच्या शाळेची यादी वेगळी निघेल. चारच्या वर मात्र जाऊ नका. पाचवी गोष्ट आली की कोणी कशाकडेच नीट बघत नाही.

पायरी ३ : शाळेच्या वेळेतलंच बघा, आणि हंगाम लक्षात ठेवा

घरी काय घडतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून त्यावर बरा-वाईट शेरा मारू नये. घरचा अभ्यास जरूर द्या, तो सरावासाठी असतो; त्याचे गुण मात्र धरू नका. स्वाध्यायाचे जे गुण द्यायचे ते वर्गात, शेवटच्या पंधरा मिनिटांत केलेल्या स्वाध्यायावर द्या. हा एक बदल केला तरी अर्धा अन्याय कमी होतो.

विदर्भाचं शालेय वर्ष उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटाकडे सुरू होतं, आणि उन्हाळा लागला की सकाळची शाळा होते. मध्ये शेतीचं आपलं वेळापत्रक चालू असतं. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, इकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, नोव्हेंबरपासून कापूस, मार्च-एप्रिलात जंगलपट्ट्यात मोहफुलं. या काळात हजेरी पडते. ती हजेरीपटावर दिसेलच, तिला प्रयत्नांच्या रकान्यात दुसऱ्यांदा शिक्षा नको. आम्ही निरीक्षणाचे दोन मोठे टप्पे मुद्दाम जुलै-सप्टेंबर आणि मकरसंक्रांतीनंतर ठेवतो. मधल्या काळात जे मूल आठवडाभर गैरहजर राहून परत येतं, त्याच्याबद्दल एकच गोष्ट टिपतो : परत आल्यावर बुडालेलं समजून घेण्यासाठी त्याने काय केलं.

मुलं वावरातून जे शिकून येतात ते मात्र पहिल्या रकान्यात घ्यायला हवं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, हाताच्या कामातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना तिथे मांडली गेली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. ती जागा आमच्यापासून काही तासांवर आहे आणि आमच्या मूल्यमापनात तिची खूणही नसते, याची मला खंत वाटते. मुलगी कापसाचं वजन आणि मजुरी तोंडी काढते, तर ते गणिताचं तोंडी काम आहे. त्याचे गुण द्या. याचा अर्थ तिने शाळा सोडून वेचणीला जावं असा कोणी काढू नये. तिला वर्गात आणण्यासाठी घरी जाऊन बोलणं हे आपलं काम आहेच. पण ती आल्यावर तिच्याजवळ जे आहे ते मोजायचं की जे नाही ते, हे आपण ठरवतो.

पायरी ४ : रोज पाच मुलं, प्रत्येकी एक ओळ

हा सगळ्या रीतीचा कणा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

वर्गात ३० मुलं असतील तर सगळ्यांकडे रोज लक्ष देऊन लिहिणं अशक्य आहे, आणि अशक्य गोष्ट ठरवली की महिनाअखेरीला एका बैठकीत सगळ्या नोंदी भरल्या जातात. त्याऐवजी हजेरीपटाच्या क्रमाने रोज पाच मुलं निवडा. सहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. त्या दिवशी त्या पाचांवर नजर ठेवायची आणि शाळा सुटायच्या आधी प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहायची. मोजून दहा मिनिटं लागतात. सत्रात एकेका मुलाच्या पंधराएक ओळी होतात, आणि त्या वाचल्या की ते मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. बहुवर्ग अध्यापन असेल तर दोन्ही वर्ग मिळून पाचच घ्या. पट कमी असल्याने फेरी तशीही लवकर पूर्ण होते.

ओळ कशी असावी? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. 'प्रयत्न समाधानकारक', 'अधिक मेहनतीची गरज', 'अभ्यासात रुची घेतो'. ही वाक्यं कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाला चिकटवता येतात, म्हणून ती कोणाचीच नसतात. ओळीत मुलाने केलेली एखादी गोष्ट हवी. आमच्या वहीतल्या काही ओळी अशा :

"भागाकार दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बाजूला पाढा लिहून घेतला आणि सोडवला."

"धडा वाचताना अडला तिथे थांबला. विचारलं नाही. शेजाऱ्याने सांगितल्यावर पुढे गेला."

"गटात चित्र काढण्याचं काम घेतलं, मोजमाप दुसऱ्याने केलं. पुढच्या वेळी मोजमाप तिच्याकडे द्यायचं."

तिसऱ्या ओळीत शिक्षकाने स्वतःसाठी काम लिहून ठेवलं आहे ते पाहा. नोंद उपयोगी पडते ती अशी.

विशेषणं टाळा. 'आळशी' हा शब्द तर वहीत येऊच देऊ नका. एका मुलाच्या पानावर मी तो लिहिला होता. पुढे कळलं, तो पहाटे चारला उठून बापासोबत दूध घालायला जात होता आणि दुपारी त्याचे डोळे मिटत होते. वहीतला शब्द मी खोडला, पण दोन महिने त्याच्याकडे त्याच शब्दाच्या नजरेने बघितलं, ते कसं खोडणार?

पायरी ५ : शेरा आधी, गुण नंतर

१९८८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी इस्राएलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की शेरा कोणी वाचत नाही. आपल्या वर्गात पेपर वाटल्यावर काय होतं ते आठवा : सगळे एकमेकांचे गुण विचारतात, लाल शाईतल्या ओळींकडे कोणी ढुंकून बघत नाही.

म्हणून घटक चाचणीच्या वह्या पहिल्या दिवशी फक्त शेऱ्यासह परत द्या. दुसऱ्या दिवशी एक तासिका दुरुस्तीला द्या. गुण तिसऱ्या दिवशी सांगा. दुरुस्तीच्या तासाला कोण काय करतं, हे 'कसं काम केलं' या रकान्यासाठी सगळ्यात चांगलं निरीक्षण आहे.

शेऱ्याचे शब्दही जपून वापरा. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपं काम निवडतात आणि अपयश आलं की लवकर खचतात; मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड काम घेतात. मात्र पोकळ कौतुक मुलांना लगेच कळतं. न जमलेल्या गणितावर 'छान प्रयत्न' लिहिलं तर लेकराला त्याचा अर्थ 'तुला काही येत नाही' असाच लागतो. काय केलं ते नाव घेऊन सांगा आणि पुढे काय करायचं ते सांगा.

पायरी ६ : मुलाचं स्वतःचं म्हणणं

स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन २०१० च्या निर्णयातही आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकातही. शाळांत ते बहुतेक वेळा कागदावरच राहतं. आम्ही शनिवारी सकाळी वीस मिनिटं ठेवतो. तिसरीपासून पुढची मुलं चिठ्ठीवर दोन ओळी लिहितात : या आठवड्यात काय अवघड गेलं, आणि तेव्हा मी काय केलं. लहान मुलं तोंडी सांगतात. शुद्धलेखन तपासायचं नाही, घरची बोली चालते. एका चिठ्ठीत होतं, "मले भागाकार जमतच नव्हता, मंग म्या पाढा लिवला बाजूले." चौथ्या पायरीतली माझी भागाकाराची ओळ आणि ही चिठ्ठी एकाच मुलाची आहे. दोन्ही जुळल्या तेव्हा रीत बरोबर चालली आहे असं वाटलं.

जुळत नाहीत तिथे मुलाशी बोला. चिठ्ठ्यांना गुण नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल ते लिहायला शिकतात.

पायरी ७ : टीव्ही-टॅब वर्गात आणण्याआधी

आता तंत्रज्ञान. लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीकडून किंवा एखाद्या योजनेतून आलेला स्मार्ट टीव्ही बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत आहे. कुठे दोन-चार टॅब आहेत. त्यांच्यावर मूल्यमापनाचा विचार करण्याआधी तीन साध्या गोष्टी बघाव्या लागतात.

वीज. लाईन दुपारी जाते, आणि नेमकी तुमच्या तासाला जाते. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीत पाणी कोण घालतं ते ठरवून ठेवा. बिल कोण भरणार हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या, थकलं की मीटर कापलं जातं. नेट. अभ्यासाचा मजकूर देणारं सरकारी दीक्षा अॅप २०१७ पासून आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्याच्याशी जोडलेले आहेत. पण गावात रेंज मिळते ती टेकडीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ. आठवड्याचा मजकूर रविवारी तालुक्याला असताना मोबाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. आणि धूळ-ऊन. एप्रिलात टिनाच्या छताखाली टॅब ठेवला तर पुढच्या जूनपर्यंत बॅटरी फुगलेली दिसते. उन्हाळ्यात उपकरणं थंड खोलीत, अर्धी चार्ज करून ठेवा.

यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा आहे : हे यंत्र वर्गात नेमकं काय करणार? पेरू देशात ३१९ ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप देण्याच्या योजनेची तपासणी झाली. मुलांनी लॅपटॉप वापरला, पण गणितात आणि भाषेत काही फरक पडला नाही. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत मुलाच्या खऱ्या पातळीपासून प्रश्न देणारं सॉफ्टवेअर वापरलं, तेव्हा साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारले. यंत्र दोन्हीकडे होतं. सातवीच्या मुलाला चौथीचं गणित येत नसेल तर तिथूनच सुरुवात करायची सोय दिल्लीत होती.

आमचा नियम असा : व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर नाही, मध्ये दोनदा थांबवायचा, थांबल्यावर प्रत्येकाने पाटीवर किंवा वहीत पुढे काय होईल ते लिहायचं. टॅब सरावासाठी किंवा काही बनवण्यासाठी : आजीची म्हण रेकॉर्ड करणं, बोंडअळीचा फोटो काढून त्याखाली तीन वाक्यं लिहिणं. लाईन गेली तर तोच धडा फळ्यावर कसा घ्यायचा हे टाचणातच, म्हणजे धड्याआधी लिहिलेल्या आराखड्यातच, असलं पाहिजे.

पायरी ८ : यंत्राचे गुण मुलाला लावू नका

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. कोणत्या गोष्टींचे गुण द्यायचे नाहीत, ते आम्ही भिंतीवर लावून ठेवलं आहे : छापील किंवा रंगीत प्रकल्प, मोबाइलवरून पाठवलेला व्हिडिओ, घरी अॅपवर घालवलेली मिनिटं, अॅपमध्ये मिळालेले तारे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात वावरात जातो, त्या घरातल्या मुलीला यातलं काहीच शक्य नाही. मिनिटं मोजणं तर फसवंच आहे. टॅब उघडा ठेवून बाहेर बघत बसलेल्या मुलाचीही वीस मिनिटं भरतात. पडद्यावर ज्याची संख्या दिसते त्याला आपण मेहनत म्हणू लागतो, कारण ती आयती मिळते.

प्रकल्प हाताने, शाळेच्या कागदावर, शाळेतच करून घ्या. आणलेला असलाच तर त्यावर दोन तोंडी प्रश्न विचारा आणि प्रकल्पाचे निम्मे गुण त्या उत्तरांना द्या. आता फोनला विचारून निबंधही मिळतो. त्यासाठी पहारा देत बसण्याची गरज नाही. मुलाला समोर बसवून 'या वाक्यात तुला काय म्हणायचं आहे?' असं विचारलं की लिहिणारा कोण ते कळतं. त्याला रागावूही नका, त्याच विषयावर पाच ओळी वर्गात लिहून घ्या आणि त्या तपासा.

टाइप करणं, माहिती शोधणं, आवाज रेकॉर्ड करणं ही कौशल्यंच शिकवत असाल तर त्यांचे गुण जरूर द्या, पण शाळेच्या यंत्रावर, सारख्या वेळात. पाळीचा हिशोब करा. २८ मुलं, दोन टॅब, ४० मिनिटांची तासिका. दोघांची जोडी आणि दहा मिनिटांची पाळी धरली तर एका तासिकेत आठ जोड्या होतात. चौदा जोड्यांना दोन तासिका लागतात. पाळीची वही ठेवा आणि त्यात टॅब कोणाच्या हातात होता ते लिहा. आम्ही हे लिहायला लागलो तेव्हा दिसलं की मिश्र जोडीत मुलगा दाबतो आणि मुलगी मागून बघते. आता पाच मिनिटांनी टॅब बदलतो, घंटी वाजवून.

एक ताकीद. मुलांचे फोटो, नावं आणि श्रेणी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, पण कायद्याच्याही आधी, ड श्रेणी मिळालेल्या पोराचं नाव सगळ्या गावाने का वाचावं?

पायरी ९ : पालकांना सांगताना

पालकसभा दुपारी दोनला ठेवली की सरपंच, दोन दुकानदार आणि अंगणवाडीताई येतात. मजुरी करणारे आईबाप संध्याकाळी सातनंतर भेटतात, किंवा बाजाराच्या दिवशी. तिथे जा. प्रगतिपत्रक वाचून दाखवू नका. मुलाची जुलैची आणि जानेवारीची वही शेजारी ठेवा आणि बोट ठेवून दाखवा. बहुतेक आया एकच विचारतात, "पोरगी पास हाय नं, सर?" त्यावर दोन रकान्यांतून दोन वाक्यं सांगा : "काकू, पोरीले बेरीज-वजाबाकी पक्की येते, भागाकार राहिला हाय. पण अडली की आता इचारते, आधी इचारत नव्हती." न शिकलेल्या आईला हे लगेच कळतं. पाऊस किती पडला आणि मेहनत किती केली हे वेगळं असतं, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पायरी १० : सुरुवात छोटी करा

सगळ्या शाळेत एकदम नको. एक वर्ग, एक विषय, चार आठवडे. मग केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला पाच वह्या घेऊन जा; दोन शिक्षकांनी एकमेकांना न सांगता त्या तपासायच्या आणि 'काय येतं' याचे गुण लिहायचे. आमच्यात पहिल्यांदा एका वहीवर चार गुणांचा फरक निघाला, कारण एकाने अक्षराचे गुण धरले होते. असा वाद झालेला चांगला.

केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी दुसऱ्या रकान्यातही आकडा मागतील. त्यांना शांतपणे वही दाखवा. प्रगतिपत्रकात 'विशेष प्रगती' आणि 'सुधारणा आवश्यक' या जागा शासनानेच दिल्या आहेत. आपल्या ओळी तिथेच जातात, वेगळी परवानगी लागत नाही.

१ मेला झेंडावंदन होऊन निकाल वाटले की बहुतेक वह्या रद्दीत जातात. या नोंदींच्या वह्या रद्दीत देऊ नका. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला हातात द्या, आणि बदली झाली असेल तर निघण्याआधी त्यांच्यासोबत अर्धा तास बसा. सगळी मुलं वाचून दाखवायला वेळ मिळणार नाही. जून उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ज्यांच्याकडे आधी बघायला हवं अशा तीन-चार मुलांची पानं दुमडून ठेवा.